वन्सं, बुगड्यांचं भांडण अर्धंच राहिलं

वन्सं, तुम्हाला जाऊन महिना उलटला. दिवसपाण्यापर्यंत माणसांची ये-जा होती. शाळेच्या मोठ्या बाई आल्या, तुमच्या शिवणाच्या वर्गाबद्दल भरभरून बोलल्या. शेजारच्या काकूंनी तुमच्या शांत स्वभावाचं कौतुक केलं. मी सगळ्यांना चहा दिला आणि मान डोलावली. शांत कसल्या! अखेरचे तीन आठवडे आपली धड बोलाचाली नव्हती, हे त्यांना काय ठाऊक. भांडण अर्धं टाकून उठून जायची तुमची जुनी खोड. पण ह्या वेळी फारच लांब गेलात.

आणि मी मागे राहिले ती नुसती रडत नाही, घाबरलेलीही आहे. माझ्या कुंदाच्या डाव्या दंडावरचा देवी टोचल्याचा वण वाढतोय. त्यात सासूबाईंनी तिचे कान वरून टोचायला आज सकाळी सोनाराला बोलावलं होतं. काय झालं ते सांगते, पण क्रमानं सांगते. मधलं गाळलेलं तुम्हाला चालायचं नाही, सगळं उसवून पुन्हा घालायला लावाल.

भांडण संक्रांतीच्या चार दिवस आधीचं. हळदीकुंकवासाठी सासूबाईंनी दागिन्यांचा डबा काढला होता. त्यातल्या मोत्यांच्या बुगड्या त्यांनी कुंदाच्या कानाच्या वरच्या कडेला धरून पाहिल्या आणि म्हणाल्या, "ह्या वर्षी टोचून घेऊ. बारा पुरी झाली पोरीला." शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या, तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "मालती, हिचे कान वरून टोचायचे नाहीत."

"का हो?" मी म्हटलं. "खालचे नाही का बाराव्या दिवशी टोचले? काय झालं त्यांना?"

"माझेही खालचे बाराव्या दिवशीच टोचले. त्यांना आजतागायत काही झालं नाही. म्हणून तर सगळे फसलो."

"अहो, पण एकीला झालं म्हणून काय..."

"नाही म्हणजे नाही. हिच्या कानाला तार लागणार नाही."

आता माझ्या मुलीबद्दल मला कुणी नाही म्हणजे नाही म्हटलं की माझं डोकं फिरतं, हे तेरा वर्षांत तुम्हाला पाठ झालं होतं. मी बोलून बसले. "तुम्हाला घालता आल्या नाहीत, म्हणून माझ्या मुलीनंही घालायच्या नाहीत, असंच ना?"

सासूबाईंच्या हातातलं झाकण हातातच राहिलं. तुम्ही ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "तसं समज." मग चपला घालून शाळेत निघून गेलात. संक्रांतीला आपण एकमेकींना तिळगूळ दिला. "गोड बोला," तुम्ही म्हणालात. "तुम्हीपण," मी म्हटलं, आणि दोघी आपापल्या कामाला लागलो. माफी मागायची संधी ताटात वाढून पुढ्यात आली होती, आणि मी लाडू तोंडात टाकून मोकळी झाले. नंतर पंधरा दिवसांनी तुम्हाला ताप आला आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं.

खरं तर माझ्याकडे तुमच्या माफीची थकबाकी त्याहून जुनी आहे. लग्न होऊन मुलुंडच्या ह्या दोन खोल्यांत आले तेव्हा तुम्ही उजव्या कानावरून केस ओढून बांधायचात. मला वाटलं, असेल एकेकीची आवड. एकदा तुम्ही न्हाऊन ओल्या केसांनी बाहेर आलात आणि मला ती गाठ दिसली. कानाच्या वरच्या कडेला आवळ्याएवढी, तांबूस, चकचकीत. माझ्या माहेरी कुणाचा कान जाड झाला की एकाच रोगाचं नाव घ्यायचे, तेही दबक्या आवाजात. वर्षभर मी माझी फणी ट्रंकेत लपवून ठेवत होते. तुमच्या लक्षात आलं नसेल अशी माझी समजूत. एके दिवशी तुम्ही म्हणालात, "मालती, फणी वेगळी ठेवावी ती उवांच्या भीतीनं. ह्या गाठीचं म्हणशील, तर तुझा नवरा लहानपणापासून माझ्या फणीनं भांग पाडत आलाय. त्याला टक्कल पडलं ते वेगळ्या कारणानं." मी लाजेनं मेले आणि हसलेसुद्धा. पण माफ करा म्हणून म्हटलं नाही. तुम्हीही त्याची वाट पाहिली नाहीत.

त्या गाठीची गोष्ट तुम्ही कधी एका बैठकीत सांगितली नाहीत. काही तुमच्याकडून कळली, काही सासूबाईंकडून, तीही त्यांचे डोळे पुसून झाल्यावर. पंधराव्या वर्षी बुगडीसाठी कान टोचला. महिन्यात बरा झाला. मग तीन महिन्यांनी भोकाशी मसुराएवढं काहीतरी वर आलं. सोनाराची तार वाईट होती, पोरीनं वांगं खाल्लं, कुणाची तरी दृष्ट लागली, सगळं बोलून झालं. कुणीतरी सुचवलं म्हणून मुळाशी घोड्याचा केस आवळून बांधला, की सुकून गळेल. गळली तर नाहीच, चिघळून वाढली. मग डॉक्टरनं कापली. दोन महिने कान इतका स्वच्छ होता की सासूबाईंनी पेढे वाटले. मग परत आली, दुप्पट होऊन. पुन्हा कापली, पुन्हा आली, ह्या वेळी कानामागपर्यंत. दोन स्थळं चालून आली, "मुलीचा कान बघू" म्हणाली आणि आल्या पावली परत गेली. त्यानंतर तुम्ही कान झाकलात आणि शिवणाच्या परीक्षेला बसलात.

चार वर्षांपूर्वी शाळेत मुलींना तपासायला डॉक्टरीणबाई आल्या, त्याच, पाच रस्त्यापाशी दवाखाना असलेल्या. त्यांनी मुली राहू देऊन आधी तुमचेच केस बाजूला केले. त्यांच्या चिठ्ठीवर आपण शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेलो. मी सोबत यायचे खरी, पण आतलं मला बघवत नाही म्हणून दरवेळी बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. तुम्ही आत एकट्या जायचात, आणि बाहेर आलात की मला समजावून सांगायचात, वर्गातल्या मुलींना सांगता तसं.

"ह्याला कीलॉइड म्हणतात. जखम झाली की अंग रफू करतं. फाटलंय तेवढंच करून दोरा तोडायचा. माझं अंग दोरा तोडतच नाही. फाटलेलं भरून झालं तरी चांगल्या कापडावर टाके घालत सुटतं."

"मग आता?"

"आजवर नुसतीच कापली. कापणं म्हणजे नवीन फाडणंच, त्यावर आणखी टाके. ह्या वेळी कापल्याबरोबर क्ष-किरणांचा शेक देणार आहेत, ओळीनं काही दिवस."

"पण मग पुन्हा नाही ना येणार?"

"येईलही. डॉक्टर म्हणाले, खात्री देत नाही. मला बरं वाटलं ऐकून. आजवर सगळ्यांनी खात्रीच दिली होती."

शेजारच्या काकू तेव्हा घरोघर सांगत होत्या की कमळाताईंना विजेनं भाजतायत. कान थोडा काळवंडला, कड जराशी आखडली, पण गाठ गेली. दीड वर्षानं तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी परत आलं, तेव्हा मीच घाबरले. तुम्ही म्हणालात, "असू दे. एवढ्यावर राहिली तर माझी तक्रार नाही." ती तेवढ्यावरच राहिली. मग रविवारी घरात असलात की तुम्ही केस कानामागे घेऊन वेणी घालायला लागलात. तुमच्या चाळिशीत मी तुमचे दोन्ही कान पहिल्यांदा एकदम पाहिले, आणि चांगले होते हो दोन्ही.

तुम्ही गेल्यावर सासूबाईंनी दागिन्यांचा डबा उशाशी घेतला. जेवायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत. बोलल्या ते एवढंच, "अगो मालती, माझ्या कमळीनं त्या कधी घातल्या नाहीत. कुंदीच्या कानात तरी बघते, मग मला मरायला हरकत नाही." वर्षाच्या आत शुभ काही करू नये म्हणतात, तर त्यांनी गुरुजींना विचारून घेतलं की कान टोचणं त्यात धरतात का. नाही धरत म्हणे. लेक गेलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? आणि तुमच्यापाशी काय लपवू, माझ्याही मनात होतंच. म्हटलं, आता विरोध करणारं कुणी राहिलं नाही. हा विचार मी केला, वन्सं. मी हो म्हटलं.

गेल्या रविवारी कुंदाला न्हाऊ घालायला घेतलं. एरवी ते तुमचं काम. पोलकं काढायला तयार होईना. "मी मोठी झाले आता, माझी मी न्हाईन." मी हात धरून बाही वर केली. ह्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर देवी टोचल्या त्याचा वण. तो कधीच पांढरा पडून सपाट व्हायला हवा होता. तो लाल होता, वर आलेला होता आणि एका बाजूनं त्याला खेकड्याच्या नांगीसारखं काहीतरी फुटलं होतं.

"हे कधीपासून?"

"आत्याला माहीत होतं," कुंदा म्हणाली. "ती दर महिन्याला त्याच्यावर कागद ठेवून पेन्सिलीनं काढायची. हललं की ओरडायची."

"आणि मला का नाही सांगितलंस गं?"

"आत्या म्हणाली, आईला एवढ्यात नको सांगू, काळजीनं अर्धी होईल. आधी नक्की कळू दे."

तुमच्या शिवणाच्या डब्यात, भरतकामाच्या नक्षीसाठी तुम्ही वापरायचात त्या पातळ कागदाचे पाच तुकडे सापडले. प्रत्येकावर एक आकृती आणि कोपऱ्यात महिना. श्रावण, भाद्रपद, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष. एकावर एक ठेवून खिडकीशी धरले. श्रावणातला वाटाण्याएवढा आकार मार्गशीर्षातल्याच्या पोटात पुरता मावत होता. म्हणजे पौषात, तांदूळ निवडत असताना, तुम्हाला ठाऊक होतं. मी तो घाव घातला तेव्हाही ठाऊक होतं, आणि तुम्ही म्हणालात, तसं समज.

मला तुमचा राग आला. अजून आहे. हे बोलायचं नाही का? मी आई आहे तिची! त्या दिवशी बाही वर करून दाखवली असतीत तर मी तिथल्या तिथे गप्प झाले असते. पण मग सासूबाईंसमोर, शेजारच्या काकू दारात उभ्या असताना, ती गोष्ट घराबाहेर पडली असती. मुलीचा कान बघू म्हणणारी माणसं उद्या मुलीचा दंड बघू म्हणाली असती. त्यापेक्षा मत्सरी ठरलेलं तुम्हाला परवडलं. मी रागावते, मग हे आठवतं, मग रडते. गेले पाच दिवस माझं हेच चाललंय. स्वयंपाक करता करता दर तासाला पोरीला हाक मारते आणि बाही वर करते. परवा तिनं मला झिडकारलं.

सोमवारी कुंदाला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. ह्या वेळी बाहेर बसले नाही. त्यांनी वण दाबून पाहिला, कडेनं बोट फिरवलं. मी पाच कागद पुढे ठेवले. "हे कुणी काढले?"

"माझ्या वन्संनी."

त्यांनी कागद क्रमानं लावून पाहिले. म्हणाल्या, "माझं निम्मं काम करून गेल्या त्या. साधा वण जखमेच्या हद्दीत राहतो आणि हळूहळू बसतो. हा हद्द सोडून चाललाय. लक्षणं कीलॉइडचीच आहेत." मग मी घाईघाईनं विचारत सुटले आणि त्या सावकाश उत्तरं देत गेल्या. हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. महारोगाशी ह्याचा काडीचा संबंध नाही. सोनाराची तार, वांगं, दृष्ट, सगळं खोटं. घराण्यात असतो, आणि वयात येताना डोकं वर काढतो, म्हणून तान्हेपणी टोचलेल्या पाळ्यांवरून पुढचं काही ठरवायचं नाही. कापायचा नाही, बांधायचा नाही, कसलं तेल-लेप चोळायचं नाही. वाढत्या मुलीला क्ष-किरण द्यायला त्या तयार नाहीत. गाठीतच सुईनं औषध सोडून बघतायत म्हणे मोठ्या इस्पितळांत, पण त्याचा अजून पुरता अनुभव नाही. तूर्त थांबायचं, दर महिन्याला माप घ्यायचं.

"आणि कान?" मी विचारलं.

"कान टोचायचा नाही. नाकही नाही. एक तर आहेच, दुसरा हातानं कशाला लावून घ्यायचा?"

एवढं स्पष्ट ऐकूनही सोमवार ते शुक्रवार माझी सासूबाईंना सांगायची हिंमत झाली नाही. लेक गेलेल्या बाईला काय सांगू, की तुमच्या लेकीचंच दुखणं नातीच्या अंगात आहे? तुमच्या बंधूंना सांगितलं, तर त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आईला तूच सांग, तुझं ऐकते ती." मग डबा घेऊन विक्रोळीला कामावर निघून गेले. भाऊ कुणाचा!

आज सकाळी सोनार आला. सासूबाईंनी पाट मांडला, हळदकुंकू, नारळ, तांदूळ सगळं तयार. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांनी धुवट लुगडं नेसून केस नीट बांधले होते. कुंदा पाटावर बसली. ती माझ्याकडे बघत होती. दवाखान्यात सगळं तिनं ऐकलेलं, तरी आजीसमोर एक शब्द बोलली नाही. सोनारानं कानाच्या कडेला कुंकवाचा ठिपका दिला आणि तार हातात घेतली. मग मी पुढं होऊन त्याचं मनगटच धरलं. परक्या पुरुषाचं मनगट, सासूबाईंच्या देखत.

"थांबा," मी म्हटलं.

"आता काय आणि?" सासूबाई म्हणाल्या. "मेलीचं कधी सुधं असेल तर शपथ!"

मी दोघींना स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. सासूबाईंचे डोळे आता किती अधू झालेत, तुम्हाला माहीतच आहे. बाही वर करून उपयोग नव्हता. मी त्यांचं बोट धरलं आणि वणावर ठेवलं.

त्यांनी ते एकदा कडेनं फिरवलं. मग थांबल्या. "कमळीचं अस्संच लागायचं हाताला," त्या म्हणाल्या. "गुळगुळीत. आधी अस्संच होतं."

मला वाटलं त्या कोसळतील. कोसळल्या नाहीत. बाहेर गेल्या आणि सोनाराला म्हणाल्या, "मुलीला कणकण आहे. तुम्ही निघा, नारळ घेऊन जा." इतकं सफाईनं खोटं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आत येऊन भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "दुसऱ्यांदा कापायला मीच नेली होती तिला. ती नको नको म्हणत होती. स्थळ यायचं होतं ना, म्हणून फरफटत नेली." आणि मग वन्सं, त्या रडल्या. तुम्ही गेलात तेव्हाही अशा रडल्या नव्हत्या.

कुंदा आमच्या दोघींच्या मध्ये बसली होती. बाही अजून वरच. ती रडली नाही. ती तुमच्यासारखीच आहे, आधी सगळं नीट समजून घेते.

"आई, हे वाढलं तर आत्यासारखं होईल?"

"आपण होऊ देणार नाही. आत्याच्या वेळी कुणाला काही ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे."

तिनं त्यावर विचार केला. मग विचारलं, "आत्याला ते दुखायचं का गं?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांना वाटलं मला ठाऊक असेल, मला वाटलं त्यांना. दिसतं कसं, लोक काय म्हणतात, कापली तर परत येईल का, लग्नाचं काय, हे सगळं ह्या घरात वर्षानुवर्षं बोलून झालं. हा प्रश्न तुम्हाला कुणी विचारला नव्हता. तेरा वर्षं एका घरात राहून मीही नाही. पोर उत्तराची वाट बघतेय, तिला पुढं काय सोसायचंय ते तिला जाणून घ्यायचंय, आणि सांगू शकणारं एकच माणूस होतं.

वन्सं, दुखायचं का हो तुम्हाला?